तीन कोळी आणि एक पिकअप

होडी विकल्यापासून धर्मा घरात मावत नव्हता. आधी भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा दिवस चालायचा. आता तो दिवसभर दिवाळे कोळीवाड्यातल्या घराच्या ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले ते विचारायचा. वाजले ते कळल्यावर पुढे काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. त्यामुळे त्याच्या मुलाने, हितेशने जेव्हा विषय काढला, की होडीच्या पैशातून एक जुनी पिकअप घेऊ, करंजाच्या बंदरावरून मासळी आणू आणि खारघरच्या सोसायट्यांमध्ये पोचवू, तेव्हा धर्माने बापाला शोभेल इतका वेळ कपाळाला आठ्या घातल्या आणि मग विचारलं, "कवा जायाचा बगायला?"

खारघरच्या ऑर्डरी आणायचं काम सुनेचं, रुतिकाचं. खांदेश्वरला राहणाऱ्या, मूळच्या सांगलीकडच्या बाबासो पाटलांची ही मुलगी. माहेरच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. ती हितेशशी लग्न करून कोळीवाड्यात आली तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी सहा महिन्यांची मुदत दिली होती. आता दोन वर्षं होत आली, आणि हीच पोरगी फोनवरून टॉवरमधल्या बायकांना सांगत असे की हलवा मासा आज ताजा आहे, घ्या. बायजाला, म्हणजे तिच्या सासूला, याचा केवढा अभिमान! आपला मुलगा तिला साधासुधाच वाटायचा, पण सुनेचा विषय निघाला की बायजाची मान ताठ व्हायची.

आणि या अभिमानाच्या मुळाशी एक गोष्ट होती. ती कोळीवाड्यात सगळ्यांना पाठ होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात धर्माची थोरली बहीण मुक्ताबाई उलव्याहून मुद्दाम आली होती. हे लग्न तिला पसंत नव्हतं. तिने बोंबलांची पाटी नव्या सुनेपुढे ठेवली आणि म्हणाली, "कर साफ." सगळ्या बायका दाराशी जमल्या. रुतिकाने पदर खोचला आणि पाटी संपेपर्यंत मान वर केली नाही. तोंड वाकडं नाही, नाकाला पदर नाही. शेवटी मुक्ताबाईनेच हात टेकले आणि ओटीवर येऊन जाहीर केलं, "हिला वास येत नाय गो! मागल्या जन्माची आपलीच हाय."

त्या एका वाक्यावर रुतिका या घरात आली. वरात तर आधीच येऊन गेली होती, पण खरी आली ती तेव्हा.

खरं काय ते एकट्या रुतिकाला माहीत होतं. तिला वास येत होता. त्या दिवशी तिने पाटीभर वेळ तोंडाने श्वास घेतला होता, आणि पुढेही किती दिवस, किती वेळा घेतला असेल, देव जाणे. उशीखाली कापराची डबी असायची. "डोकं दुखतं," असं ती हितेशला सांगायची.

*

पिकअपही मुक्ताबाईनेच शोधली होती. तिच्या दिराच्या ओळखीत न्हावा शेवाच्या रस्त्याला एक यार्ड होतं. दोन्हीकडे कंटेनरचे ट्रेलर, मध्ये पत्र्याचं कुंपण, आत विकायला काढलेल्या गाड्या. रविवारी सकाळी सगळे दोन रिक्षा करून तिथे पोचले. आकाश नावाचा पोरगेला दलाल गोड बोलायचा. त्याने आल्या आल्या सगळ्यांच्या हातात थंडगार सरबत दिलं.

"बगा काका, एक नंबर पीस. सिंगल ओनर. इंजिनला कोणी हात लावला नाय."

पांढरीशुभ्र गाडी. नवा रंग. हौद्यात नव्याकोऱ्या फळ्या ठोकलेल्या. धर्मा तिच्याभोवती एक फेरी मारून आला. होडी घेताना तो जसा तळाला थापा मारून बघायचा, तशा त्याने दाराला थापा मारल्या. त्याला गाडीतलं फारसं कळत नव्हतं, पण एक गोष्ट पक्की कळत होती, आणि ती त्याने छाती पुढे काढून विचारली.

"हिच्यातून मासली नेलीय का?"

"छे छे! पाण्याचे जार न्यायची काका. आरओचे."

"तसा नाय. मना खरा सांग. मासलीची गारी मासलीवाला घेत नाय." धर्मा हितेशकडे वळून समजावू लागला, "बर्फाचा पानी खारा होतंय. ता फलीतून खाली गलतंय नि खालची लोखंडी चासी खातंय. वरना गारी नवरीसारखी, नि खालना भोका."

"काका, तुम्ही स्वतःच वास घ्या ना," आकाश म्हणाला.

मग तो सोहळा झाला. धर्मा हौद्यात चढला, गुडघे टेकून वाकला, नाक फळीला लावलं आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. खाली उतरून त्याने मान हलवली. "नाय."

मुक्ताबाईने बाहेरूनच हुंगलं. "काय नाय. मी बोललू होतू ना?"

बायजानेही वाकून बघितलं. तिलाही काही जाणवलं नाही.

तीन कोळ्यांनी मिळून निकाल दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जन्मभर ज्यांच्या अंगणात, भांड्यात, कपड्यांत आणि केसांत तो वास मुरला, ते तो शोधायला निघाले होते! माशाला पाणी ओलं आहे का विचारण्यातलाच प्रकार. पण हे त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही आणि आकाशने त्यांना आठवण करून देण्याचं काही कारण नव्हतं.

हितेशने चावी फिरवून इंजिन ऐकलं, चाकं बघितली. सगळं बरं वाटत होतं. धर्माने खिशावर हात ठेवला. इसार देऊन मोकळं व्हायची त्याला घाई झाली होती. उद्यापासून पहाटे उठायला काहीतरी कारण मिळणार होतं.

"थांबा वाईच," बायजा म्हणाली. "पयला रुतिकाला बसू द्या."

ही त्या घरची रीत. नवी होडी आली की ती पाण्यात घालण्याआधी सून तिच्यात चढणार. बायजा स्वतः तशी चढली होती, तिची सासू तिच्याआधी. आता होडी नव्हती, तर गाडीला काय झालं? बायजाने पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली, बॉनेटला बोटं लावली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चर पोरी. उजवा पाय पयला."

*

रुतिका चढली. धर्माने कौतुकाने दार लावून घेतलं. काचा वर होत्या.

समोर डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या सुगंधाची डबी चिकटवली होती. एक क्षण फक्त मोगरा आला. मग त्याच्या खालून, पायाखालच्या नव्या रबरी मॅटमधून, तो वर आला. शिळा, खारट, बर्फाच्या पाण्यात कुजलेल्या मासळीचा. तिची चूक होणं शक्य नव्हतं. या वासाची दोन वर्षं तिने जितकी ओळख करून घेतली होती तितकी कुणी सख्ख्या नातेवाइकाचीही करत नाही.

काचेपलीकडे घरची चौघं उभी होती. बायजा हसत होती, तिने हात जोडले होते.

रुतिका उतरली आणि हितेशला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "हितेश, ही गाडी नको. मासळीचा वास येतोय."

हितेशने तिच्याकडे बघितलं. "आपल्याच कपड्यांना येत असेल."

"नाही रे. गाडीला येतोय."

"पण तुला कुठे वास येतो?" तो म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून थांबला.

हितेश काही मठ्ठ नव्हता. कापराची डबी, डोकेदुखी, जेवताना नेहमी खिडकीजवळची जागा. एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात येत गेली. त्याला आधी वाईट वाटलं आणि लगेच भीती वाटली. आत्या समोर उभी होती. गाडी आत्याने शोधलेली, निकाल बाबांचा, आणि आईचं तर आख्खं कौतुकच या एका गोष्टीवर उभं होतं.

"ऐक ना," तो कुजबुजला. "मी काहीतरी कारण काढतो. टायर खराब बोलतो. तू काय बोलू नको."

त्याने काढलंही. "बाबा, टायर गेलेत यार. अजून दोन-चार गाड्या बघू या ना."

"टायर बदलता येतंय," धर्मा म्हणाला.

"मी चेंज करून देतो ना दादा, टेन्शन कशाला," आकाश म्हणाला.

"पोराला आत्याची गारी नको हाय," मुक्ताबाई म्हणाली. "सांग ना तसा तोंडावर."

आता हितेशकडे दुसरं कारण नव्हतं. धर्माने खिशातून पाकीट काढलं. रुतिकाला ते पाकीट माहीत होतं. होडी नेली त्या दिवशी धर्मा ते मांडीवर घेऊन बसून राहिला होता, जेवायलाही उठला नव्हता. गप्प राहिलं तर वर्षभरात ही गाडी मधोमध मोडेल आणि होडीची आठवणसुद्धा भंगारात जाईल. बोललं तर काय जाईल हेही तिला माहीत होतं. परक्या घरात कुणी इतक्या सहज आपलं म्हणत नाही; तिला म्हटलं होतं, आणि तेही एका खोट्यावर.

"बाबा, देऊ नका," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "या गाडीत मासळी वाहिलीय. मला वास येतोय."

कुंपणापलीकडून एक ट्रेलर धडधडत गेला.

मुक्ताबाई हसली. "तुना कसला वास येतंय? तुना तर..."

"येतो, आत्या. पहिल्या दिवसापासून येतो." रुतिकाने बायजाकडे बघायचं टाळलं. "त्या दिवशी बोंबील साफ केले तेव्हाही येत होता. मी तोंडाने श्वास घेत होते."

धर्माने पाकीट परत खिशात घातलं. तो हौद्यात चढला, हितेशकडून यार्डातलाच एक पाना मागून घेतला आणि आकाश "काका, काका" म्हणेपर्यंत एक फळी उचकटली. खाली पत्र्यावर काळा रंग फासला होता. धर्माने त्यावर पान्याचं टोक दाबलं. फार जोर लावावा लागला नाही. पाना आरपार गेला आणि गंजाचे पापुद्रे खाली मातीवर पडले.

"मला पण हे माहीत नव्हतं," आकाश म्हणाला. "मीपण दुसऱ्याकडून घेतली."

"सरबत बरा होता तुझा," धर्मा म्हणाला आणि खाली उतरला.

होडीचे पैसे वाचले होते. एरवी अशा वेळी त्या घरात केवढा दंगा झाला असता! पण मुक्ताबाईचं तोंड पडलं होतं. आपल्या ओळखीची गाडी अशी निघावी याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की ती दुसऱ्यावर घसरायची.

"म्हंजे दोन वरसं नाटक केलं हिनं," ती म्हणाली. "आमी सगल्यांना सांगत फिरलू, आपलीच हाय, आपलीच हाय. नि ही आमच्यात नाक दाबून बसली होती."

"आत्या, बस ना आता," हितेश म्हणाला. या वेळी त्याने आवाज खाली केला नाही, आणि तो चालत जाऊन रुतिकाच्या शेजारी उभा राहिला.

रुतिकाने तेव्हा कुठे सासूकडे बघितलं. बायजा हळदकुंकवाची पुडी घड्या घालून पिशवीत ठेवत होती. तिने मान वर केली नाही.

*

परतताना धर्मा, मुक्ताबाई आणि हितेश पुढच्या रिक्षात बसले. मागच्या रिक्षात सासू-सून दोघीच उरल्या. एकीने डावीकडे बघायचं, दुसरीने उजवीकडे. मध्ये पिशवी.

बायजाला राग आला नव्हता. राग तिला फार ओळखीचा होता. तो आला की ती भांडी आपटायची आणि संध्याकाळपर्यंत मोकळी व्हायची. हे वेगळंच होतं. तिला एकेक आठवत होतं. सणाला सुनेच्या केसांना तेल लावलं होतं, ते. बाजारातून आल्या आल्या तिच्या तोंडात पेढा भरवला होता, तो. आणि मागच्या वर्षी पोरगी तापाने फणफणली तेव्हा आपण मासे विकायला न जाता तिच्या उशाशी बसून होतो, कपाळावर हात ठेवून. हाच हात.

तिने तो हात हळूच नाकाशी नेला. काहीच वास आला नाही. पुन्हा एकदा नेला. पंचेचाळीस वर्षं ज्या हाताने मासळी कापली त्याला कसला वास येतो, हे जगातल्या सगळ्यांना कळत होतं, एक तिलाच कळत नव्हतं. बायजाला एकदम फार एकटं वाटलं.

"घरी गेल्यावर लिंबू लावतंव हाताना," ती बाहेर बघत म्हणाली. "वाटान्याचा पीठ लावला तरी जातंय बोलतान. मना कोनी सांगितला नाय."

"आई, नको."

"नको कनाला? दोन वरसं तुना सोसायला लागला." तिने हात पदराखाली घेतला. "तुना ताप आल्ता, तवा मी उशाशी बसली होती. तवा पन येत होता?"

रुतिकाला खोटं बोलता आलं असतं. त्यात ती तयार झाली होती. पण आजचा दिवसच तसा नव्हता.

"येत होता."

"मंग बोलली का नाय? मी लांब बसली असती."

"म्हणूनच नाही बोलले," रुतिका म्हणाली. "तुम्ही हात काढून घेतला असता."

रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि परत रस्त्याकडे बघितलं. उलव्याच्या इमारती गेल्या, खाडी लागली. बायजाने डोळ्यांना पदर लावला आणि वाऱ्याने धूळ गेली असं रिक्षावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

 मग तिने मधली पिशवी उचलून पायाशी ठेवली.

*

पुढची रिक्षा आधी पोचली होती. मुक्ताबाई ओटीवर मांडी ठोकून बसली होती आणि तिच्याभोवती शेजारच्या दोघी-तिघी जमल्याही होत्या. कोळीवाड्यात बातमीला पाय फुटावे लागत नाहीत, ती रिक्षातूनच उतरते. धर्मा भिंतीला टेकून पाणी पीत होता.

"ये गो बायजा," मुक्ताबाई म्हणाली. "ऐकव सगल्यांना. आपली सून..."

"आपली सून काय?" बायजा चपला काढत म्हणाली. "आपल्या सुनेनं आज धन्याची होडी वाचवली. तिघांनी नाका लावली, तिघांची नाका मेलेली. हिचा एकटीचा जित्ता होता."

"पन खोटा बोलली ना ती?"

"बोलली. तू पाटी ठेवलीस म्हनून बोलली. लगीन होऊन आठ दिस झाले नव्हते. तुना काय वाटतंय, ती काय बोलंल? नाय जमत, मी चालली खांदेश्वरला?"

 शेजारणींना अचानक घरची कामं आठवली, पण उठली कुणीच नाही.

"होडीचा पैसा तसाच हाय," धर्मा पेला खाली ठेवत म्हणाला. त्याला बायकांच्या भांडणात पडायचं नव्हतं, पण सुनेकडे बघून त्याचा आवाज मऊ झाला. "गारीला काय तोटा? उद्या उरनला एक बगायला जाऊ. पोरी, तू येतंस ना? तुझ्याबिगर मी गारी बगनार नाय."

"हिलाच न्या," मुक्ताबाई पुटपुटली. मग थोडं थांबून, कुणाकडे न बघता तिने विचारलं, "नि माझा गो? माझा कसला वास येतंय?"

"मशेरीचा, आत्या," रुतिका म्हणाली. "त्यापुढे मासळी काहीच नाही."

पहिला हितेश हसला. मग शेजारणी. मुक्ताबाईने "मेली!" म्हणून कपाळावर हात मारला, पण तिच्या चेहऱ्यावरचा ताठा उतरला होता.

आतून सुका जवळा भाजल्याचा वास येत होता. शेजारच्या घरात दुपारचं जेवण चढलं होतं आणि भिंत दोघांची एकच होती. बायजा ओटीच्या कडेला बसली. तिने रुतिकाला मनगटाला धरून खाली ओढलं, अगदी मांडीला मांडी लागेल इतकं जवळ, आणि तिचा हात आपल्या हातात तसाच ठेवला.

"आयक," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आजपासून ह्या घरात तुना नाक मुरडायची परवानगी हाय. पायजे तवा, पायजे तितका. उठून जायची मातर नाय."

रुतिकाने सासूकडे बघितलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा, डोळे बारीक होईपर्यंत, गाल वर चढेपर्यंत, तिने मनसोक्त नाक मुरडलं आणि तिथेच बसून राहिली.